दोन पाटे काढले, आप्पा

आप्पा, तुमच्याशी एक भांडण करायचं राहून गेलं होतं, ते आज करायला बसलोय. तुम्ही होता तवर माझी छाती झाली नाही. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, मी स्वतः सदुसष्टाव्यात आहे, उठताबसता गुडघे कुरकुरतात, तरी तुमच्यासमोर उभं राहून बोलायला अजून जमणार नाही. म्हणून लिहून काढतोय. माझी शाळा सातवीची. पुढचं सगळं गिऱ्हाइकांच्या गाडीत सापडलेल्या जुन्या पेपरांवर आणि ट्रकांच्या मागच्या फळ्यांवर वाचून झालेलं. तेव्हा चुकलंमाकलं पदरात घ्या, पण मी बोलत असताना मध्ये हात वर करू नका.

भांडण एका गाडीवरनं आहे. वडगाव रासाईला माझ्या दारात ती उभी आहे. मिलिटरीच्या लिलावातली, जुनी, चारी चाकांना जोर असलेली, पाठीमागं आखूड हौदा. गावातली पोरं तिला रणगाडा म्हणतात. येत्या रविवारी एक गृहस्थ तिला बघायला येणार आहेत. नदीकाठाला त्यांनी पुण्याच्या पाहुण्यांसाठी हुरडा पार्टीची जागा काढली आहे. त्यांना गाडी चालवायची नाही. गेटावर उभी करून, हौद्यात माती भरून, तिच्यावर बोगनवेल सोडायची आहे, म्हणजे लोक शेजारी उभं राहून फोटो काढतील. माझ्या पोरानं त्यांना या म्हणून सांगून टाकलंय. पोरगा वाईट नाही. दिवाळीत मला बाजारात घेरी आली, तेव्हापासून त्याला माझ्या जिवाची भीती वाटते. "दादा, आता तुम्ही घाटात गाडी चालवायच्या वयात न्हाई ऱ्हायला. कवातरी तिकडंच काय झालं म्हंजी मी कुणाच्या तोंडाकडं बघू?" असं म्हणतो. मी अजून व्हयही म्हटलं नाही आणि न्हाईही म्हटलं नाही. त्याला उत्तर देण्याआधी तुमचा हिशेब मिटवायला पाहिजे, कारण ह्या गाडीत मी तुमचे दोन शब्द मोडलेत.

पहिला शब्द पाट्याचा, गाडीच्या बुडाखाली एकावर एक रचून कमान होते त्या लोखंडी पट्टीचा. दौंडातलं तुमचं दुकान, जिथं मी तुमच्या हाताखाली मिस्त्रीकाम शिकलो, ते मला अजून वासासकट आठवतं. कोळशाचा धूर, तापलेल्या लोखंडाचा वास, आणि दुपारी काकूंनी पाठवलेल्या भाकरीवरच्या ठेच्याचा. तुम्ही हात न धुताच खायचा आणि म्हणायचा, लोखंड पोटात गेलेलं बरं असतं. गाडीची कमान सरळ झाली, पाटा मोडला, मागची बाजू बसली, काहीही असलं तरी तुमचं औषध एकच. पाटा वाढव. पाच असतील तर सहा, सहा असतील तर आठ. आणि खरं सांगायचं तर आपल्या मुलखात ते औषध लागूही पडत होतं. कागदावर वजन एक आणि फडातनं निघताना ऊस दीडपट; तुमच्या भट्टीचा पाटा नसता तर निम्म्या ट्रॉल्या कारखान्याच्या वाटेवरच बसल्या असत्या. हे मी नाकारत नाही.

पण जनावरांच्या डॉक्टरची जीप आठवते का तुम्हाला? मी तेव्हा तेवीस वर्षांचा, लग्न नुकतंच झालेलं. तुम्ही नातेवाइकाच्या मयतीला गेला होता. डॉक्टर आले, सीटवरनं उतरतानाच कमरेला हात. म्हणाले, तुझ्या आप्पांनी मागं पाटे भरलेत ते ट्रकचे, माझ्या जीपमध्ये तर एक पेटी आणि मी, प्रत्येक खड्डा थेट मेंदूला पोचतो. मी वाकून बघितलं. गाडी रिकामी, आणि खाली पाटे असे ताठ की जीप बकरीसारखी उड्या मारणारच. मी दोन्ही बाजूचा एकेक पाटा काढला. डॉक्टर एक चक्कर मारून आले, त्यांच्या तोंडावर असं हसू की जणू त्यांचंच दुखणं कुणी काढलंय. मला वाटलं, आज आपण मिस्त्री झालो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कोपऱ्यात ठेवलेले ते पाटे बघितलेत. घण खाली ठेवलात. दुकानात उसाच्या ट्रकांचे चार-पाच ड्रायव्हर बसलेले. तुम्ही आवाज चढवला नाही, हेच जास्त लागलं. "पाटा काढणारा मिस्त्री नसतो, भंगारवाला असतो. उद्यापास्नं हातगाडी घे आन् डबा-बाटली वरडत फिर. माझ्या भट्टीवरनं गाडी जाताना पाटा वाढून जाती, कमी हून न्हाई जात." ड्रायव्हर हसले. मग तुम्ही मला ते दोन्ही पाटे सायकलच्या कॅरिअरला बांधून डॉक्टरांच्या गावाला धाडलंत, परत बसवायला. मी गेलो. डॉक्टर म्हणाले, अरे नको बाबा, मला सुख लागलंय. मी म्हटलं, आप्पांनी सांगितलंय. त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच जीपखाली झोपून मी त्यांचं सुख काढून घेतलं. ते ओट्यावर बसून बघत होते, रागाने नाही, कीव आल्यासारखे. परतीच्या वाटेवर सायकल हातात धरून चालत आलो. त्यानंतर चाळीस वर्षांत मी कुणाच्याही गाडीचा पाटा काढला नाही, आप्पा. एकही नाही. शिरूर रस्त्याला माझं दुकान टाकलं, त्या दिवशी तुम्ही सायकलवर कोळशाचं पोतं घेऊन आलात आणि म्हणालात, पहिला जाळ माझा. भट्टी पेटवलीत, तिला नमस्कार केलात, चहाही न पिता गेलात. अशा माणसाचा शब्द मोडायचा तरी कसा.

दुसरा शब्द रिकाम्या गाडीचा. गाडी म्हंजी बैल, तिला वझं पाहिजे. रिकामी पळवणं म्हंजी बैलाला उगी चाबूक मारणं. हे तुम्ही इतक्या वेळा म्हणालात की आमच्या घरात दुचाकीवरही कुणी नुसतं फिरायला जात नव्हतं. जायचं तर निदान जनावराला पेंड तरी आणायची. पण माझ्या दुकानात सफरचंदाचे ट्रक यायचे. वरच्या, बर्फाच्या मुलखातनं निघालेले, पार सोलापूर-हैदराबादकडं चाललेले. त्यांचे पाटे मोडलेले असायचे ते आपल्याकडच्यासारखे वजनानं नव्हे. काही चिरलेले, काही टोकाच्या कानापाशी तुटलेले, काही पिळल्यासारखे. मी विचारायचो, कुठं मोडला? ड्रायव्हर एखाद्या खिंडीचं नाव सांगायचा, हात डोक्याच्या वर नेऊन उंची दाखवायचा. चाळीस वर्षं मी त्या रस्त्यांची मोडतोड निस्तरली. रस्ता एकही बघितला नव्हता. देवदर्शनाला तुळजापूर, पोरीच्या स्थळासाठी नगर, एवढंच माझं जग. दुकान पोराकडं दिलं आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली, की ज्या रस्त्यांनी हे पाटे मोडले ते रस्ते आपण एकदा आपल्या डोळ्यांनी बघायचे. काही न्यायचं नाही, काही आणायचं नाही. नुसतं बघायचं.

लिलावात मी गेलो होतो भंगारातलं पाट्याचं लोखंड बघायला, आणि कमरेएवढ्या गवतात ही उभी दिसली. तिच्या खाली वाकून बघितलं आणि जीव जडला. घरी आणली तेव्हा माझी बायको, तुम्ही जिला सूनबाई म्हणायचा ती, दारात उभी राहून म्हणाली, "ह्या वयात सवत आणली व्हय? तीबी अशी, रंग उडालेली." पण दुसऱ्या दिवशी तीच बादली घेऊन सवतीला धूत होती. पुढची दोन वर्षं मी त्या गाडीत घातली. इंजिन खोललं, गिअरपेटी खोलली-जोडली, पुढच्या चाकांना जोर देणारी दांडी नवी केली. मोडक्या ट्रॉलीच्या अँगलांचं वर कॅरिअर केलं. इंजिनाला हवा घ्यायची नळी छपरापर्यंत वर काढली, म्हणजे ओढ्यात उतरली तरी पाणी जायचं नाही. गावानं त्या नळीचं नाव चिलीम ठेवलं. हौद्यावर पत्र्याचं झाकण, आत झोपायला फळ्या, फळ्यांच्या खाली सूनबाईचं स्वयंपाकघर. पोळपाटाला खाच, कुकरला कडं, तिखटमिठाच्या डब्यांना दोरीचं जाळं. पारावरचे म्हणायचे, म्हाताऱ्याला म्हातारचळ लागलंय. मी म्हणायचो, लागू द्या, औषधाला तुमच्याकडं येत नाही.

आणि शेवटी पाटे. इथं माझा हात आपोआप तुमच्या शब्दाकडं गेला. लांबचा पल्ला, डोंगराचा रस्ता, गाडी मजबूत पाहिजे, म्हणून मागं दोन्ही बाजूंनी दोन-दोन पाटे वाढवले. जाड, उसाच्या ट्रॉलीला घालतो तसले. स्वतः भट्टी पेटवून कमान दिली, पाणी दिलं. सूनबाई बाजूला उभी होती. "वर काय ऊस न्यायचाय का?" म्हणाली. मी म्हटलं, तुला काय कळतंय. गाडीनं मागची बाजू अशी वर उचलली की उभ्या उभ्या पळायला निघाल्यागत दिसायला लागली. मला अभिमान वाटला. तुम्ही असता तर पाठ थोपटली असतीत.

गेल्या जूनमध्ये निघालो, दोघंच. सपाटीचा रस्ता कसाबसा काढला. पाट्यांनी कंबर धरली तरी कण्हलो नाही. डोंगर लागला तसा मात्र गाडीचा स्वभाव बदलला. चाक एका दगडावर चढलं की दुसरं जमीन सोडायचं. डोंगरातल्या तिसऱ्या दिवशी, खिंडीच्या अलीकडं, रस्त्यावरनं एक ओढा आडवा वाहत होता. बर्फ वितळलेलं पाणी, खाली कलिंगडाएवढे गोटे. मी गाडी घातली. मधोमध गेलो आणि पुढचं डावं चाक खड्ड्यात लटकलेलं, मागचं उजवं हवेत. ती दोन्ही चाकं नुसती गरगर फिरायला लागली आणि गाडी जागची हलेना. चारी चाकांना जोर, पण जोर सगळा जातोय तो ह्या दोन अधांतरी चाकांना. पाणी दारापर्यंत. सूनबाईनं पाय वर घेतले आणि पदर कमरेला खोचला. भांडायला निघताना खोचते तसा.

मागं एक टँकर थांबलेला. त्याचा ड्रायव्हर, तिथलाच, सुरकुतलेल्या तोंडाचा माणूस, वायररोप लावून त्यानं आम्हाला मागं कोरड्यावर ओढलं. मग खाली वाकून त्यानं पाटे मोजले. एकदा मोजले, परत मोजले. "चाचा, ऊपर क्या ले जा रहे हो? सीमेंट?" मी म्हटलं, आटा, दाल और बीवी. तो हसला. "फिर इतनी कमानी किसलिए? ये तो झुकेगी ही नहीं. पहाड़ में पहिया नीचे लटकना चाहिए, दगड पकड़ना चाहिए." दगड हा शब्द त्यानं आपल्याकडच्या कुठल्यातरी ट्रकवर काम करताना उचलला होता, आणि तो ऐकून मला आणखीच लाज वाटली. सूनबाई म्हणाली, "मी इचारलं व्हतं." एवढंच. दुसऱ्यांदा बोलली नाही, हे तिचे उपकार.

पुढं दोनच वाटा होत्या. मागं फिरायचं, नाहीतर पाटे काढायचे. मागं फिरलो असतो तर तुमचा शब्द राहिला असता आणि गावात सांगायला दरड कोसळल्याचं कारणही मिळालं असतं. मी एका दगडावर बसलो. तुम्ही दिसत होता, घण खाली ठेवताना. तुमच्या दुकानातल्या त्या ड्रायव्हरांचं हसणंही कानात होतं. आणि मग आठवले ते डॉक्टर, ओट्यावर बसलेले. त्यांना बरं वाटत होतं, आप्पा. मी केलेलं बरोबर होतं. त्या जीपला त्या पाट्यांची गरज नव्हती, आणि तुम्हीही वाकून बघितलं असतंत तर तुम्हाला ते दिसलं असतं. तुम्ही बघितलंच नाही. तुम्ही कोपऱ्यातले पाटे बघितले, जीप बघितली नाही. चाळीस वर्षं मी हे मनाशीसुद्धा म्हणालो नव्हतो. तिथं मोठ्यानं म्हणालो. सूनबाईला वाटलं, उंचीनं डोकं फिरलं.

जॅक लावला, गाडी उचलली, चाकं काढली, खाली झोपलो. इथं दीड तासाचं काम, तिथं अर्धा दिवस गेला. पाना दोनदा ओढला की छाती भात्यासारखी वरखाली. ती वरनं हत्यारं देत होती, नंबर न विचारता, नुसत्या माझ्या हाताकडं बघून. पाटे कमी झाल्यानं यू-बोल्टचे आटे संपले, नट घट्ट बसेना, तेव्हा टँकरवाल्यानं त्याच्या डब्यातनं जाड वॉशर काढून दिले. दोन्ही बाजूंचे वाढीव पाटे निघाले. रस्त्याच्या कामावर झारखंडच्या बायका होत्या, त्यांनी ते दगड उकरायला मागितले. मी देऊन टाकले. माझ्या भट्टीचं लोखंड आता तिकडं डोंगर खणतंय, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही. त्यानंतर ओढा पार झाला, खिंड पार झाली, पलीकडचा रस्ता मी बघितला. सफरचंदवाल्यांनी सांगितलेल्या जागा एकेक करून बघितल्या. तुमचे दोन्ही शब्द मोडून, पाटे काढून, रिकाम्या गाडीत. आणि मला पाप लागलं नाही. लागलं असेल तर गोड लागलं.

रविवारी त्या गृहस्थांना मी न्हाई म्हणणार आहे. त्यांना चहा देईन, बोगनवेलीसाठी दुसरी एखादी मेलेली गाडी शोधून देईन, पण ही नाही. पोरगा रागवेल. "वर जाऊन चालवणार कोण?" असं तो विचारणारच, आणि तिथंच माझी अडचण आहे. आम्ही परत आलो त्या दिवशीच त्यानं विचारलं होतं, ओढ्यातनं गाडी काढली कुणी? सूनबाई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ह्यांनीच. दुसरं कोण व्हतं तिथं?" तेव्हापासून पारावर माझा मान आहे. लोक नवी गाडी घेताना मला विचारायला येतात.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. तुमच्या दुकानाच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, आणि तुम्ही जिथं आहात तिथं टपाल जात नाही. म्हणून तुम्हालाच सांगतो. गाडीच्या बाबतीत तुमच्याशी खोटं बोलायला मला कधी जमलं नाही.

पाटे काढून उठलो तेव्हा हातात पाना धरायचाही जोर उरला नव्हता. चावी धरवेना, डोळ्यापुढं काजवे. टँकरवाल्यानं चावी उचलली, म्हणाला, मैं निकाल देता हूँ. सूनबाईनं त्याच्या हातातनं चावी घेतली. मी दुकानात असायचो तेव्हा तीस वर्षं आमच्या रानात ट्रॅक्टर तिनंच चालवला होता, हे मीच विसरलो होतो. मला म्हणाली, "तुम्ही पुढं व्हा, दगड दावा." मी त्या गार पाण्यात उतरलो, तिच्याकडं तोंड करून, मागं मागं चालत, हातानं खुणा करत. गाडी एका बाजूला झुकायची, चाक खाली लटकून गोटा धरायचं, कमान उघडायची, मिटायची, आणि ती सावकाश, एकेक पाऊल टाकल्यासारखी माझ्याकडं येत होती. आत बसलो असतो तर हे मला दिसलं नसतं. आयुष्यभर मी पाटे केले, आप्पा, पण पाटा हालताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.